‘वाचता आले नाही’ असे लिहिणाऱ्या साळवे मॅडम

वत्सला साळवे मॅडमना मी प्रथम भेटलो तो अपराधी म्हणून. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी राजूरच्या एका दवाखान्यात आरोग्यसेवक होतो. आसपासच्या वाड्यांमधल्या क्षयरोग्यांची यादी, कोणाचा कितवा महिना, पुढच्या गोळ्या कधी, हे सारे मी देणगीत मिळालेल्या जुन्या संगणकावर चढवले होते आणि उत्साहाच्या भरात कागदी नोंदवही बंद केली होती. तो संगणक एका दुपारी बंद पडला.

नगरच्या दुरुस्तीवाल्याने त्यातली डिस्क आपल्या मशिनला जोडली. पडद्यावर प्रश्न आला, डिस्क फॉरमॅट करायची का? तो म्हणाला, “कोरी हाय ही. करून टाकू?” मी डिस्क काढून घेतली आणि विचारत विचारत तंत्रनिकेतनात मॅडमकडे पोहोचलो. त्या तिथे संगणक शिकवत.

त्यांनी मला बसवले, पाणी दिले. आधी सबंध डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि मूळ डिस्क कपाटात ठेवली. प्रत तपासून म्हणाल्या, “भांगरे, फाईली ठेवण्याची ही पद्धत आमच्या मशिनला येत नाही. मलाही येत नाही. पण म्हणून आत काही नाही, असं मी म्हणणार नाही.”

मग फाईलींचा नाद सोडून त्यांनी प्रतीतली नुसती अक्षरे शोधायला सुरुवात केली. गावांची नावे सापडू लागली, त्यांच्या शेजारी माणसांची. तुकडे जुळवायला तीन दिवस लागले. त्या माझ्यासाठीही घरून डबा आणत. सात जणांच्या नोंदी मात्र नावाच्या पुढे जुळेनात. त्यांच्यापुढे त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले, ‘वाचता आले नाही’.

आमच्या डॉक्टरांना वर पाठवायला पूर्ण यादी हवी होती. ते फोनवर मॅडमना म्हणाले, “या सात जणांचे उपचार संपले असं दाखवा.” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “मग खाली माझी सही नको.” आणि रविवारी एसटीने त्या राजूरला आल्या. आम्ही दोघे त्या सात घरी पायी गेलो.

हिराबाई अंगणात नागली पाखडत होत्या. “चौथा म्हैना चालू हाय माझा,” त्या म्हणाल्या. “परवा गोळ्या सपत्यात. यादीत माझं नाव न्हाई व्हय?”

“नाव आहे, आजी,” मॅडम म्हणाल्या. “पुढचं आम्हाला वाचता आलं नाही. म्हणून विचारायला आलो.”

डॉक्टरांचे ऐकले असते तर हिराबाईंच्या गोळ्या मध्येच थांबल्या असत्या. परतताना मी रडलो. मॅडम रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “उद्यापासून वही पुन्हा सुरू करा.”

सोनईसारख्या गावातून, एका बौद्ध शेतमजुराच्या घरातून येऊन त्यांनी किती विद्यार्थी घडवले, हे या गौरवग्रंथात इतर जण लिहितीलच. मी फक्त त्या यादीबद्दल लिहू शकतो. हिराबाई पूर्ण बऱ्या झाल्या आणि पुढे नातवाच्या लग्नाची पत्रिका मॅडमना द्यायला स्वतः नगरला गेल्या.

आज मॅडम पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांचे डोळे आणि गुडघे त्यांना अशीच साथ देवोत. प्रकृती उत्तम राहो, आयुष्य उदंड लाभो आणि आम्ही चुकू तेव्हा जाऊन बसायला त्यांचे घर असेच उघडे राहो.