टाकीचं झाकण

पेट्रोलचा वास आला की येरवड्याचा तो रस्ता आठवतो. बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच माझ्या मागे त्यांच्या मोटरसायकलवर बसली होती. चालता चालता इंजिन बंद पडलं. गाडी कडेला घेऊन मी प्लग पुसला, किका मारून घामाघूम झालो. महिनाभर जेमतेम बोलणारी आई म्हणाली, "अरे, टाकीचं झाकण उघड. त्यातलं भोक बुजलं की हवा जात नाही, मग पेट्रोल उतरत नाही. तुझे बाबा तेच करायचे." झाकण उघडताच फुस्स आवाज झाला आणि दुसऱ्या किकला इंजिन सुरू झालं. "लग्नानंतर वाघोलीला जातानाही अशीच बंद पडली होती," असं म्हणत ती मागे बसली आणि बाबांबद्दल बोलतच राहिली. मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेलो. वाऱ्यात त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नाही, याची आज चुटपुट लागते.