दुसऱ्या भागात पोहता येणार

आखातात वाट न पाहणारा माणूस नसतो. कुणी रजेची वाट पाहतो, कुणी बायकोच्या व्हिसाची, कुणी गावाकडच्या घराच्या स्लॅबची. पण माझ्या साडूंइतक्या निष्ठेने आणि इतक्या जाहीरपणे वाट पाहणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. दुबईत करामातल्या दोन खोल्यांत संसार, एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समनची नोकरी, वय चाळिशीच्या पुढे, आणि वाट कशाची, तर एका व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागाची. पहिला भाग त्यांनी इतक्या वेळा संपवला होता, की त्यातले पहारेकरी आता ह्यांना बघून नुसते जांभया देत असतील, असं माझी मेहुणी म्हणायची. समुद्रातला एक किल्ला, तलवार घेतलेला एकटा वीर आणि चहूकडून शत्रू असा तो खेळ होता. शंभर जणांना लोळवणारा हा वीर गुडघाभर पाण्यात पडला, की मरायचा. साडूंना हा स्वतःचा अपमान वाटे. "अहो पाहुणे, किल्ला समुद्रात आणि ह्या गाढवाला पोहता येत नाही! पण दुसऱ्या भागात येणार. आतली बातमी आहे." ही आतली बातमी गल्लीच्या तोंडाशी गेमचं दुकान चालवणाऱ्या मल्याळी माणसाकडून येई. दर शुक्रवारी साडू दुपारचं जेवण उरकून तिथे जाऊन बसत, आणि तो दर शुक्रवारी त्यांना चहा पाजून सांगे, "अगला महिना, इन्शाल्ला."

ह्या बातम्या त्यांच्या पोटात राहत नसत. शारजाला एकांच्या घरी गणपती होता. मंत्रपुष्पांजली सुरू झाली, सगळे डोळे मिटून उभे, आणि माझ्या कानाशी साडूंची कुजबुज, "भिंत चढता येणार." मी दचकून डोळे उघडले. साडू मात्र हात जोडून गणपतीकडे असे बघत होते, जणू मंजुरी तिथूनच यायची होती. एकदा तर त्यांनी त्या किल्ल्याचा प्लॅन आणि सेक्शन स्वतः काढला, वीराने कुठून चढावं, पाय कुठे ठेवावा हे बाणांनी दाखवलं आणि ऑफिसच्या मशीनवरून गेम काढणाऱ्या कंपनीला थेट जपानला फॅक्स केला. लेबनीज मॅनेजरने तो कागद मशीनवरच पाहिला. "हबीबी, हा किल्ला आपण बांधतोय का?" असं त्याने इंग्रजीतून विचारलं म्हणे. जपानहून उत्तर आलं नाही. साडू म्हणाले, "ते लोक असं उघड कबूल करत नाहीत."

त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट मात्र पोहण्याचा नव्हता, थांबण्याचा होता. पहिल्या भागात खेळ सेव्ह करायचा, तर वाटेत लागणाऱ्या देवळापर्यंत जिवंत पोचावं लागे, नाहीतर सगळी मेहनत वाया. आमचे सासरे पहिल्यांदाच दुबईला आले होते, निवृत्त हेडमास्तर, शिस्तीचा माणूस. मी आणि बायकोही त्या दिवशी तिथेच जेवायला होतो. पानं वाढून झाली तरी साडू टीव्हीसमोरून हलेनात. "अप्पा, दोनच मिनिटं. देवळापर्यंत पोचतो आणि येतो." देऊळ म्हटल्यावर अप्पा भक्तिभावाने थांबले. आमटी गार झाली. कसलं देऊळ ते कळल्यावर अप्पा एक शब्द न बोलता जेवले आणि गावी परत जाईपर्यंत जावयाशी बोलले नाहीत. "दुसऱ्या भागात कुठंही थांबता येणार आहे," साडू बायकोला समजावत होते. मेहुणी ताटं उचलता उचलता म्हणाली, "तुमचं सगळंच दुसऱ्या भागात. मूल दुसऱ्या भागात, घर दुसऱ्या भागात. पहिल्या भागात मी नुसती भांडी घासते." हे ती हसत म्हणाली. आम्हीही हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं.

मग साडूंच्या ऑफिसात ड्रॉइंगसाठी कॉम्प्युटर आले. कागदावर काम करणाऱ्यांना आधी कोपऱ्यात बसवलं, मग घरी. इतकी वर्षं ज्याच्या रेघांवर इमारती उभ्या राहिल्या, त्या माणसाला मॅनेजरने "खलास, माय फ्रेंड" एवढंच म्हटलं. माझ्याकडे येऊन साडूंनी बातमी दिली ती अशी : "पाहुणे, कंपनीचा दुसरा भाग आला. त्यात मी नाही." व्हिसा रद्द झाला, घर आवरलं. टीव्ही, गॅस, पलंग नव्या भाडेकरूला दिले, आणि त्यातच मेहुणीने गेमचं मशीनही देऊन टाकलं. साडूंनी पाहिलं. तिला अडवलं नाही.

आणि ते मिरजेला परतल्यावर काही महिन्यांनी तो दुसरा भाग आला! इतका संताप मला कधी आला नव्हता. शारजातल्या अल मजाजच्या आमच्या घरी माझी मुलगी तो खेळायला लागली. "काकांना सांग ना, बाबा. इट्स रिअली गुड," ती म्हणाली. मी फोनवर सांगू शकलो नाही. पुढच्या रजेत मिरजेला गेलो. साडू भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलत होते. मी नेलेला खजूर त्यांनी गल्ल्याशेजारी ठेवला, चहा मागवला, आणि गिऱ्हाईक गेल्यावर माझ्याकडे न बघता विचारलं, "आला म्हणे?"

"आला."

"पोहतो?"

"पोहतो. भिंतही चढतो. आणि कुठंही थांबता येतं. तुम्ही म्हणाला होता ते सगळं आलंय, दादा."

त्यांनी तराजूचं रिकामं पारडं फडक्याने पुसलं. मग म्हणाले, "म्हणजे फार सोपा करून टाकला असणार."

त्यानंतर आम्ही पाऊसपाण्याचं बोललो. निघताना ते रिक्षापर्यंत आले. "आमची पोर कुठल्या खोलीत खेळते?" त्यांनी विचारलं.

"हॉलमध्ये."

"मग पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावा. तिकडचं ऊन स्क्रीनवर पडतं चारनंतर. पोरीला काही दिसायचं नाही."

मी हो म्हणालो. रिक्षा सुटली. मागे वळून पाहिलं, तर साडू रस्त्यातच उभे होते, कपाळावर आडवा हात धरून, उन्हाकडे बघत.