दादाची ॲन्युअल लीव्ह

पोळा चार दिवसांवर आला होता आणि मी घरात तोंड लपवत फिरत होते... गोष्ट पन्नासच्या दशकातली, आमचा भाग अजून मध्य प्रदेशात मोडायचा तेव्हाची. आमचं गाव अकोला-वाशीम रस्त्यावरच्या मालेगावपासून तासाभराच्या पायवाटेवर, आणि अख्ख्या गावात इंग्रजी शिकणारी पोरगी मी एकटी.

त्याचा तोरा मला भरपूर होता, खोटं कशाला बोलू. बाबांनी मला मालेगावच्या शाळेत घातलं तेच मुळी दादाच्या पत्रांतलं इंग्रजी वाचायला. माझा थोरला भाऊ मिलिटरीत होता, कुठं तरी लांब डोंगरात.

ज्येष्ठात त्याचं पत्र आलं. 'ॲन्युअल लीव्ह मिळाली की येतो.' सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. लीव्ह म्हणजे सुट्टी हे ठाऊक होतं... ॲन्युअल मात्र मी अंदाजानं ठोकून दिलं. म्हटलं, दरसाल येते ती.

"दरसाल म्हंजे त्याच दिसाले?" बाबांनी विचारलं. आमच्याकडं दरसाल येणारं सगळं तिथीनं यायचं. जत्रा, सण, आजोबांचं श्राद्ध... मीही ठसक्यात हो म्हणून मोकळी झाले.

गेल्या साली दादा ऐन पोळ्याच्या दुपारी अकोल्याच्या मोटरनं आला होता. मग काय, यंदाही पोळ्यालाच येणार हे पक्कं झालं आणि माय गावभर सांगून आली. त्या दिवसापासून तिच्या हाताला उसंत नव्हती. निंदण करून आली तरी भिंती सारवायला घ्यायची.

आणि मग आमच्या शाळेत ॲन्युअल इन्स्पेक्शन आलं. गेल्या साली ते थंडीत झालं होतं, यंदा साहेब श्रावणातच चिखल तुडवत हजर. हे आत्ताच कसं, असं मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, ॲन्युअल म्हणजे वर्षातून एकदा, दिवस कोणता ते साहेबाच्या मर्जीवर.

म्हणजे दादा पोळ्याला येईलच असं काही नव्हतं... आणि ते घरात फक्त मलाच ठाऊक होतं.

सांगावं तर बाबा म्हणणार, एवढं शिकून हेच का, बस आता घरी. न सांगावं तर माय सणाच्या दिवशी मोटरीपाशी ताटकळणार. चार दिवस मी नुसती आत-बाहेर करत होते. पाणी आणायला जायचे आणि रिकामी घागर घेऊन परत यायचे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळता चोळता बाबा म्हणाले, उद्या ढवळ्याले दादालेच सजवू द्या. मी तिथून उठलेच. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर...

सकाळी मायनं पुरणाच्या पोळ्या फडक्यात बांधल्या आणि आम्ही दोघी निघालो. ती भराभर पुढं, मी मागं. वाटेत तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं.

मालेगावात मोटर थांबते तिथं लिंबाखाली बसलो. मोटरीला अजून वेळ होता. मला राहवेना, आणि एकदाचं सगळं ओकून टाकलं... माझं चुकलं, त्या शब्दात दिवस नसतोच, दादा आज येईलच असं नाही. आता चार माणसांत काय ऐकावं लागतं म्हणून मी मान खाली घालून बसले.

माय रस्त्याकडंच बघत होती. "मले मालूम हाये वं बाई. मिलिटरीचा साहेब आपला पोळा पाहून सुट्टी देते काय?"

मग आलो कायले, एवढंच विचारलं.

"सालभर रोज वाट पाहीन तं येडी होईन मी. एक दिस धरला का त्या दिसापावतर हात चालते."

मोटर आली. माय उठून दारापाशी गेली, उतरणारा प्रत्येक माणूस तिनं नीट पाहिला, अगदी शेवटच्या म्हातारबापर्यंत. मोटर वाशीमकडं गेली तेव्हा तिनं फडकं सोडून एक पोळी माझ्या हातावर ठेवली. रडली नाही... मीच रडत होते.

परत निघताना चपला घालता घालता ती म्हणाली, "सांग बरं, आता कोनता दिस धरू?"

आता मला खरा अर्थ माहीत होता. तरी मी म्हणाले, दिवाळी. तिनं मान हलवली, आणि चालता चालता दिवाळीआधी काय काय उरकायचं ते मला सांगायला लागली.

दादा दिवाळीला आला नाही. मग आम्ही संक्रांत धरली, तेव्हाही नाही. संक्रांतीनंतर आठेक दिवसांनी, कुठल्याशा साध्या बुधवारी, तो थेट शेतात येऊन उभा राहिला. मायच्या ओटीत कापूस, आणि पहिलं काय बोलली तर, सांगून काहून नाही आला, घरात काई केलं नाही ना.

पुढं मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. ॲन्युअलचा अर्थ किती वर्गांना फळ्यावर लिहून दिला, मोजलं नाही. पण मायला दिलेली ती खोटी दिवाळी... माझ्या इंग्रजीचा तेवढा उपयोग पुन्हा कुणाला झाला असेल, असं मला वाटत नाही.