जयतीर्थ सरांना ऐकवलेलं वाचन

अनुसूयाबाईंनी सूड उगवायचं ठरवलं, ते भर सभेत, चेहऱ्यावरचं हसू ढळू न देता. जयनगरातल्या एका लहानशा कन्नड शाळेचं ते त्र्याण्णव सालचं स्नेहसंमेलन. मुख्याध्यापक जयतीर्थ यांनी पालकांसमोर दुसरीतली दोन मुलं वाचायला उभी केली होती. कौशल्याबाईंच्या तुकडीतल्या मुलाने धडा घडाघडा म्हणून टाकला. अनुसूयाबाईंची विद्यार्थिनी मात्र ओळीखाली बोट धरून, अक्षराला अक्षर जोडत, अडखळत पुढे सरकत होती.

"अनुसूयाक्का, तुमची मुलं वाचतात की खडी फोडतात?"

सरांनी हे ध्वनिक्षेपकावरून विचारलं. सगळा मांडव हसला. ती मुलगीही, काय झालं ते न कळून, हसली.

पुढल्या जूनमध्ये बाईंकडची दुसरी काढून घेण्यात आली आणि त्यांना शिशुवर्गावर नेमण्यात आलं. नाकं पुसायची, बुटांच्या नाड्या बांधायच्या. सर आणि बाई, दोघांचीही घराणी पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेली, घरात मराठी बोलणारी, एकमेकांच्या लांबच्या नात्यातली. त्यामुळे तो टोमणा शाळेच्या फाटकाशी थांबला नाही. लग्नाच्या पंगतीत वाढताना बायका विचारत, "काय अक्का, खडी किती फुटली?" आणि अनुसूयाबाई भातावर सारू वाढत पुढे जात.

त्यांना एक गोष्ट ठाऊक होती. कौशल्याबाईंच्या तुकडीत एक मूल ओळ म्हणे, बाकीची सुरात उचलत. असं रोज चाले, अखेर सगळा धडा गळ्यात उतरे. पुस्तक समोर उघडं असे आणि डोळे खिडकीबाहेर. हीच पद्धत आता शाळाभर झाली होती. वाचनातला प्रवाह शेवटी येतो, आधी डोळ्याने अक्षर ओळखावं लागतं, हे सांगणं अनुसूयाबाईंना अवघड नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पद्धत सुधारली असती. पण सरांचं नाक शाबूत राहिलं असतं. मुलं न वाचताच वरच्या वर्गात जात राहिली आणि बाई वाट पाहत राहिल्या.

पंचाण्णवच्या हिवाळ्यात शिक्षणाधिकारी तपासणीला आले. सरांनी वाचनासाठी आपली नात संहिता हिला पुढे केलं. दुसरीतली, दोन वेण्यांची, जराही न घाबरणारी पोर. पुस्तक उघडून देण्याचं काम सरांनी अनुसूयाबाईंवर सोपवलं. त्यात सरांना काही धोका वाटला नाही. विहिरीचा धडा ठरला होता. बाईंनी कुंभाराचा काढून दिला.

संहिताने पानावर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "एका गावात एक विहीर होती."

बोट कुंभाराच्या चाकावरून फिरत होतं आणि तोंडून विहिरीचं पाणी वाहत होतं. अधिकारी तिच्या खांद्याशी वाकून पाहत होते. त्यांनी हलकेच पुस्तक मिटलं. पोर थांबली नाही. धडा संपेपर्यंत ती म्हणत राहिली आणि मग शाबासकीसाठी वर पाहिलं.

"पुस्तक घरी राहिलं असतं तरी अडलं नसतं," अधिकारी म्हणाले.

या वेळी शिक्षकच हसले. सर्वांत आधी कौशल्याबाई.

संहिता त्यानंतर वर्गात तोंड उघडेना. पुस्तक दिसलं की ओठ घट्ट मिटून घेई. अखेर एका संध्याकाळी जयतीर्थ स्वतः अनुसूयाबाईंच्या दारात आले. चपला काढल्या, पण आत येईनात.

"अक्का, तुम्हीच तिला वाचायला शिकवा. माझं चुकलं असेल."

"असेल?"

"चुकलं."

"सरी, ठीक आहे. शाळा सुटल्यावर तिला थांबवा. आणि तुम्हीही मागच्या बाकावर बसायचं. रोज. मुलं अडखळतात कशी, ते कानांनी ऐकायचं."

"माझं काय काम तिथे?"

"मग दुसरं कुणी बघा."

सर बसू लागले. शिशुवर्गाच्या त्या बुटक्या बाकावर त्यांचे गुडघे हनुवटीशी येत. येणारे-जाणारे शिक्षक दारात रेंगाळत. बाई दार लोटत नसत. संहिता अक्षर फोडी, जोडी, चुके, पुन्हा मागे येई. बाई तिच्यावर कधी रागावल्या नाहीत. तिला कधी घाईही करू दिली नाही.

शिकवणं मात्र अस्सल होतं. उन्हाळा लागेतो एका दुपारी बाईंनी तिने पूर्वी कधी न पाहिलेलं पान समोर ठेवलं आणि संहिताने ते सलग वाचलं. स्वल्पविरामापाशी थांबत, प्रश्नापाशी आवाज चढवत, गमतीच्या वाक्याला स्वतःच खुदकन हसत. असं वाचन त्या शाळेत कुणी ऐकलं नव्हतं.

सर डोळे पुसत उठले. "झालं, अक्का. उपकार झाले तुमचे. चल गं, घरी जाऊ."

"बसा सर. अजून झालं नाही." बाई मुलीकडे वळल्या. "पुन्हा वाच. एकेक अक्षर सुटं करून."

"पण मला येतं की आता, मिस!"

"येतं ना? मग वाच."

संहिताने आजोबांकडे पाहिलं. ते हळूहळू खाली बसले. तिने पानावर बोट टेकवलं आणि पहिल्या शब्दाचे तुकडे करायला घेतले. तिसऱ्या शब्दाला तिचा आवाज कापला, चौथ्याला ओठ मिटू लागले. अनुसूयाबाईंना ते कळत होतं. त्यांची नजर मागच्या बाकावरून हलली नाही.

"पुढे," त्या म्हणाल्या.