हायरमकाकांचा पालथा पेला

हायरमकाकांनी वल्ह्यानं सात इंग्रज शिपाई बुडवले, असं आमच्या गावातली शेंबडी पोरंसुद्धा छाती काढून सांगतात. साफ खोटं. वल्हं मोडलं ते बर्फात अडकून. इंग्रजांशी झालेल्या लढाईच्या वर्षांत आमचा हा नावाडी, हायरम पर्ली, खाडीपलीकडे ब्रिटिश हद्दीत शत्रूच्या फौजेला चोरून बैल पोचवत होता. बैल कॅप्टन स्टॉडर्डचे.

लढाई संपून तीन वर्षं झाली. आता तोच कॅप्टन गावातला सगळ्यात मोठा देशभक्त. त्याची नक्कल मी झकास करते. आधी खाकरायचं, मग नाकातून सोडायचं : "बंऽधूंनो! आधी आपण नुसते व्हरमाँटवाले होतो. या लढाईनं आपल्याला अमेरिकन केलं!" लोक पोट धरून हसतात. हायरमकाका तेवढे डोळे मिटून बसतात, दिवसभर नाव ओढल्यासारखे.

त्यांची बहीण केझिया पलीकडच्या काठावर राहते. तिचा मुलगा जोएल इंग्रजांच्या बाजूनं लढला आणि मेला. काका दर शनिवारी नाव घेऊन तिच्याकडे जातात. पूर्वी तो काठ म्हणजे केझियाचं घर होतं. आता तो शत्रूचा काठ झालाय.

यंदा कारभाऱ्यांनी फर्मान काढलं. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या जेवणात शेवटचा पेला 'शत्रूची थडगी वाढोत' म्हणून प्यायचा आणि पालथा करून दाखवायचा. हायरमनं नाही केला, तर नावेचा परवाना दुसऱ्याला.

"काका, तुम्ही नाही पिणार. लावता पैज?" मी म्हटलं.

"हरलीस तर?"

"शनिवारी मी वल्हवीन. जिंकले तर ते मोडकं वल्हं माझं."

"बरं. तसेही खांदे भरून आलेत माझे."

चार जुलैला कॅप्टननं पेला उंचावला, ती थडगी वाढवली, सगळे प्यायले. काका पेला धरून उभेच.

"काय रे हायरम, घशात काटा अडकला काय?"

"काटा नाही, कॅप्टन. तुमचे बैल आठवले."

टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं, वल्हं माझंच! तेवढ्यात काकांनी पेला तोंडाला लावला आणि सगळा रिचवून टेबलावर पालथा केला. थेंब सांडला नाही.

"आता झालास खरा अमेरिकन!" कॅप्टननं त्यांच्या पाठीत थाप मारली.

"आधी कोण होतो मग?" काका पुटपुटले. मी बाजूलाच होते म्हणून मला ऐकू आलं. ही नक्कल मी कुणाला करून दाखवलेली नाही.

शनिवारी मी वल्हवत होते. हाताला फोड आले होते. काका समोर गुडघ्यांवर हात टाकून बसलेले. पलीकडे केझियाआत्या काठावर येऊन थांबली होती.

"तिला सांगणार?" मी विचारलं.

"ती विचारायची नाही. तिच्याकडेही राजाच्या नावानं पेले भरतात. तीही पिते." त्यांनी डोळे मिटले. "थांबलीस कशाला? हरलीयेस ना? वल्हव."