साबणानं काढलेल्या बांगड्या

आयसीयूतला तो ब्रदर, पुरुष नर्स, जुनवानीच्या बाजारात अजून भेटतो. टमाटरही असा अलगद उचलतो, जणू तो झोपलेला आहे. "ताई जेवतात ना जी?" एवढं विचारतो आणि गर्दीत विरघळतो.

माझ्या बायकोचं रक्त शरीराबाहेर यंत्रातून फिरत होतं, तेव्हा तो तिला शिवण्याआधी तळवे चोळून ऊबदार करायचा. नळ्यांत गुठळी होऊ नये म्हणून तिचं रक्त पातळ केलेलं होतं.

"भाऊ, बांगड्या काढा लागतीन," तो म्हणाला. "हात सुजून राहिला. काच लागली तर रक्त थांबणार नाही."

"मी जित्ता आहो ना," मी म्हणालो. "कावून काढता?"

त्यानं तळवे चोळले. साबणाचं पाणी लावून एकेक बांगडी सोडवली, एकही न फोडता. "झालं हं ताई," असं तिलाच सांगत होता. मग त्या पट्टीत ओवून तिच्या उशाशी बांधल्या. यंत्राच्या थरथरीनं त्या स्वप्नातल्यासारख्या किणकिणत राहिल्या.

जीव तिचा धोक्यात होता, आणि मी माझ्या आयुष्यासाठी घाबरलो होतो.

ती घरी आली. बांगड्या परत घालताना मी साबणाचं पाणी कोमट केलं, आणि आधी तळवे चोळले.