दिझालाचा पावा

ब्रिटानियातल्या या रोमन सरहद्दीच्या भिंतीपाशी उन्हाळासुद्धा कांबळं पांघरून येतो. आमच्या नाटकमंडळींबरोबर मी इथं चार प्रयोगांसाठी आले आणि राहिले ती राहिलेच. मंडळी पुढं गेली, माझे गुडघे पुढं जाईनात. लष्करी ठाण्याच्या दरवाजाबाहेरच्या वस्तीत एक खोली घेतली आणि शेजार मिळाला दिझालाचा.

दिझाला थ्रेसचा. विशीच्या आत पलटणीत भरती झाला आणि जोडपावा वाजवता वाजवता म्हातारा झाला. दोन नळ्या एकाच वेळी तोंडात धरायच्या, नाकानं श्वास घ्यायचा, गालांत साठवायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही. तो वाजवायला उभा राहिला की गाल असे फुगायचे, जणू कुणाच्या ताटातल्या दोन भाकऱ्या चोरून तोंडात कोंबल्यात. पण पूजेत त्याच्यावाचून पान हलत नसे. किल्लेदार डोक्यावरून वस्त्र ओढून देवाशी बोलतो, तेव्हा कुणाची शिंक, कुत्र्याचं भुंकणं, एखादा अभद्र शब्द त्याच्या कानी पडू नये म्हणून पावा. तो मध्येच थांबला की पूजा बाटली. पुन्हा पहिल्यापासून, नव्या बैलासकट. बावीस वर्षांत दिझालाच्या पाव्यानं ती वेळ आणली नव्हती.

सैनिकाला कायद्यानं बायको नसते. दिझालाला वेलोरिगा होती. इथलीच, पलीकडच्या टेकडीवरची, आवाज तुतारीचा. त्यांच्या चुलीजवळच्या कोनाड्यात त्याच्या गावचा घोडेस्वार देव होता, शेजारी तिच्या माहेरच्या तिघी मातृदेवी, मांडीवर फळं घेऊन बसलेल्या. दोघांच्या देवांना एकाच वाटीतून जवाची बिअर. मी एकदा म्हटलं, "अरे, घोडेस्वाराला चालते का ही?"

"इतकी वर्षं इथं राहतोय," दिझाला म्हणाला, "शिकला असेल एव्हाना."

एका वर्षी शरदात पलटणीच्या एका खेचरानं मान उडवली आणि दिझालाचे पुढचे दोन दात नेले. वारा फटीतून सुटू लागला. जानेवारीच्या तिसऱ्या दिवशी वर्षाची सगळ्यात मोठी पूजा असते. सम्राटासाठी आणि पलटणीसाठी गेल्या वर्षी बोललेला नवस फेडायचा, येत्या वर्षाचा बोलायचा. वसंतात पलटण उत्तरेला कूच करणार होती. दिझालाची ही शेवटची पूजा, मग सेवेतून सुटका. त्यानं दातांचं कुणाला सांगितलं नाही. बोलताना तोंडावर हात धरू लागला, नव्या नवरीसारखा.

एके सकाळी माझ्या दारात उभा. "मेलिते, तुमच्या नाटकातले पावेवाले गालांवर चामड्याचा पट्टा बांधायचे ना?"

माझ्या पेटीत होता एक. आमच्या मंडळींतल्या पावेवाल्याचा, तो मेला तेव्हापासून सांभाळलेला. तेल चोळून मऊ केला, दिझालाच्या डोक्यामागं गाठ मारली. वारा थांबला. रोज सकाळी माझ्या खोलीत तालीम सुरू झाली. पाचव्या दिवशी वेलोरिगा पळी घेऊन आत शिरली.

"म्हातारपणी नाटकवालीकडं काय करतोस रे?"

दिझालाच्या तोंडाला पट्टा, उत्तर देणार कसा! मी सगळं सांगितलं. ती खाली बसली, पळी मांडीवर ठेवून.

"दुसऱ्या ठाण्यावरून पावेवाला मागव. लाज कसली त्यात?"

त्यानं पट्टा सोडला. "लाज नाही गं. ही पोरं उत्तरेला जाणार. माझ्या पाव्यावर जाऊ देत. एवढं एकच करून देतो त्यांना."

पूजेच्या दिवशी गारा मिसळलेला वारा सुटला होता. कवायतीच्या मैदानाच्या कडेला आम्ही वस्तीतली माणसं उभी होतो. पुकारा झाला, "जीभ आवरा!" आणि पावा सुरू झाला. काय वाजवलं त्यानं! मी मोठमोठी नाट्यगृहं पाहिलीत, पण अंगावर असा काटा फुलला नव्हता. मीठ घातलेलं पीठ बैलाच्या माथ्यावर पडलं, वाइन ओतली, धूप जळला. कुऱ्हाडवाल्या तार्सानं एका घावात बैल पाडला. तार्सा दिझालाच्याच तंबूतला जुना सोबती. आता राहिला फक्त नवा नवस. किल्लेदार डोकं झाकून एकेक शब्द म्हणू लागले.

आणि पट्टा तुटला.

थंडीनं चामडं वाळलं होतं. दोन श्वासांइतका सूर गेला. वारा एवढा ओरडत होता की वस्त्राखालच्या किल्लेदारांना पत्ताच नव्हता, ते बोलतच राहिले. मला ऐकू आलं. तार्सालाही आलं. त्यानं हळूच मान हलवली, डोळ्यांनी म्हणाला, वाजव, वाजव. दिझालानं नळ्या पुन्हा ओठांशी नेल्या. सूरही निघाला, क्षणभर. मग त्यानं दोन्ही हात खाली केले.

"साहेब, सूर तुटला."

किल्लेदार साबिदियस यांनी वस्त्र मागं सारलं. "मला तर ऐकू नाही आलं."

"तुम्हाला नाही. ज्याला ऐकू जायचं, त्याला गेलं."

किल्लेदार पाडलेल्या बैलाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "दुसरा बैल आणा. आणि वाजवणार कोण?"

दिझालानं तोंड उघडून दाखवलं. "दात नाहीत, साहेब. शरदापासून लपवलंय."

"लपवलंय?" तार्सा म्हणाला. "साहेब, हा कढण प्यायला लागला की पलीकडच्या तंबूतली माणसं हजेरीची शीळ समजून उठतात!"

चारशे माणसं हसली. पूजा तशीही मोडली होती, हसायला आता मोकळीक होती. किल्लेदारांनीही ओठ दाबले. "मग शेजारच्या ठाण्यावरून माणूस बोलवावा लागेल."

"कशाला?" हा आवाज तुतारीचा. वेलोरिगा सरळ मैदानात चालत आली. पहारेकऱ्यानं भाला आडवा धरला, तिनं तो दार ढकलावं तसा बाजूला केला. केसांची लोकरी फीत सोडली, निळी, तिनंच विणलेली, आणि साऱ्या पलटणीसमोर नवऱ्याचे गाल बांधले. "आमच्या मेंढ्यांची लोकर आहे, साहेब. थंडीला भीत नाही."

"घट्ट होतंय," दिझाला पुटपुटला.

"गप्प. वाजव."

किल्लेदारांनी पुन्हा डोकं झाकलं. पुकारा झाला. दुसरा बैल आला, पीठ पडलं, वाइन ओतली, आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पाव्याचा सूर तुटला नाही. पूजा संपली तेव्हा दिझालाचं तोंड फितीइतकंच निळं झालं होतं. दोन बैलांचं मांस वस्तीतसुद्धा वाटलं गेलं. तार्सा मोठ्या तुकड्यावर ताव मारत म्हणाला, "दरवर्षी एक दात पाड रे म्हाताऱ्या."

वसंतात पलटण उत्तरेला गेली. सगळे परत आले असं मी सांगणार नाही. अकरा जण आले नाहीत, तार्सा त्यांतलाच एक. बातमी आली त्या दिवशी दिझाला आपल्या दारात बसला, नळ्या मांडीवर घेऊन, आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडं नुसता बघत राहिला. मला कळलं, तो कशाची वाट पाहतोय. त्या अकरांपैकी कुणाची तरी बायको येईल आणि म्हणेल, तुझा सूर तुटला म्हणून.

तिसऱ्या दिवशी तार्साची बायको आली. काखेत भाकरी, हातात बिअरचं मडकं. त्याच्याशेजारी बसली.

"जाताना सांगून गेला होता," ती म्हणाली. "या वेळी निर्धास्त जातोय, म्हणाला. आमचा पावेवाला देवाशीसुद्धा खोटं बोलत नाही."

दिझालानं तोंडावर हात धरला. दातांसाठी नव्हे.

आत वेलोरिगानं वाटी भरली आणि कोनाड्यात ठेवली. मग बाहेर येऊन दिझालाच्या गालांवर फीत बांधली, आणि तो तार्सासाठी वाजवू लागला.